तेल व इंधन साठवण टाक्यांची सुरक्षा तपासणी

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, फर्नेस ऑइल किंवा कच्चे तेल साठवणाऱ्या व्यापारी टाक्यांची ठरावीक मुदतीने तज्ज्ञांकडून होणारी पाहणी, मोजमाप आणि चाचणी. टाकीचा पत्रा, वेल्डिंगचे जोड, पाया, छप्पर, व्हेंट (हवा-वाफ ये-जा करण्याची वाट), अर्थिंग, पातळीमापक, आग विझवणाऱ्या फोमची व्यवस्था आणि सांडलेले तेल अडवणारा टाकीभोवतीचा बंधारा हे सारे या तपासणीत येते. टाकी बाहेरून रंगवलेली, स्वच्छ आणि कोरडी दिसते तेव्हाही तिचा तळ आतून किंवा खालून गंजत असू शकतो. म्हणूनच नुसत्या नजरेच्या पाहणीवर विसंबता येत नाही.

भारतात या कामाचा कायदेशीर पाया म्हणजे पेट्रोलियम अधिनियम १९३४ आणि त्याखालील पेट्रोलियम नियम २००२. परवाना देण्याचे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना म्हणजे ‘पेसो’ करते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. १८९८ साली स्थापन झालेला स्फोटक विभाग हे तिचे मूळ रूप. नियमांनुसार पेट्रोलियम पदार्थांचे वर्ग ज्वलनांकावरून, म्हणजे ज्या तापमानाला त्यांची वाफ ठिणगीने पेटू शकते त्यावरून, पडतात : २३ अंश सेल्सियसच्या खाली वर्ग अ (पेट्रोल), २३ ते ६५ अंशांपर्यंत वर्ग ब (डिझेल, रॉकेल) आणि ६५ ते ९३ अंशांपर्यंत वर्ग क (फर्नेस ऑइल). टाक्यांमधले अंतर, विजेच्या उपकरणांची निवड, पहाऱ्याची कडक शिस्त या सगळ्या गोष्टी या वर्गावर अवलंबून असतात. नवी किंवा दुरुस्त केलेली टाकी वापरात आणण्याआधी सक्षम व्यक्तीकडून चाचणी करून दाखला घ्यावा लागतो. तेल कंपन्यांसाठी याशिवाय १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची (ओआयएसडी) मानके आहेत. त्यांतले १२९ क्रमांकाचे मानक साठवण टाक्यांच्या तपासणीसाठी आहे.

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे मानक अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ‘एपीआय ६५३’. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्याच्या तीन वर्षे आधी, २ जानेवारी १९८८ रोजी, पेन्सिल्व्हेनियातील फ्लोरेफ येथे डिझेलची एक मोठी टाकी भरत असताना वरपासून खालपर्यंत फाटली. सुमारे ४० वर्षे दुसरीकडे वापरलेली ही टाकी कापून, वाहून आणून नव्या जागी पुन्हा उभारली होती. एका जोडाजवळच्या पत्र्यात जुना, लहानसा दोष होता. हिवाळ्याच्या थंडीत ठिसूळ झालेले पोलाद तिथून तडकले आणि लाखो गॅलन डिझेल बंधाऱ्यावरून उसळून मोनोंगहेला नदीत व पुढे ओहायो नदीत गेले. नदीकाठच्या गावांचा पाणीपुरवठा बंद पडला. उभारणीनंतर टाकी पूर्ण उंचीपर्यंत पाण्याने भरून चाचणी घेतलेली नव्हती. ती घेतली असती, तर टाकी फुटूनही बाहेर पाणीच सांडले असते. जुन्या टाकीची दुरुस्ती, फेरउभारणी आणि तपासणी यांची वेगळी शिस्त किती गरजेची आहे, हे या घटनेने ठसठशीतपणे दाखवले.

तपासणीचे थर असतात. टर्मिनलचे कर्मचारी दर महिन्याला फेरी मारून गळतीचे डाग, पायाशी साचलेले पाणी, रंग उडालेल्या जागा, सैल अर्थिंग पट्ट्या पाहतात. साधारण ५ वर्षांतून एकदा पात्रताधारक निरीक्षक बाहेरून सविस्तर तपासणी करतो. अल्ट्रासोनिक मापकाने पत्र्याची जाडी घेतली जाते आणि पाया एका बाजूला खचला आहे का, हे सर्व्हेच्या उपकरणांनी मोजले जाते. खरे कष्टाचे आणि खर्चाचे काम म्हणजे आतली तपासणी. तिच्यासाठी टाकी रिकामी करावी लागते आणि काही आठवडे ती व्यवहारातून बाहेर जाते. म्हणून ती पुढे ढकलण्याचा मोह नेहमी असतो.

आत माणूस उतरण्याआधी टाकी ‘गॅस फ्री’ करतात. जोडलेल्या पाइपलाइन ब्लाइंड (आडवी बंद चकती) टाकून तोडतात, गाळ काढतात, हवा खेळवतात, मग मापकाने ज्वलनशील वाफ, ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी, कोपऱ्यात, गाळाखाली दडून राहते. गाळ ढवळला की पुन्हा सुटते. म्हणून सकाळचे एक माप दिवसभर पुरत नाही, काम चालू असताना मोजमापही चालूच ठेवावे लागते. कच्च्या तेलाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइडची भर पडते, शिवाय लोहसल्फाइडचे थर वाळले की हवेत आपोआप पेट घेतात, त्यामुळे ते ओले ठेवतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८ अशा बंदिस्त जागेत जाण्यासाठी सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला किंवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा मागत असे. आत नेण्याच्या दिव्याला २४ व्होल्टची मर्यादाही घालत असे. टाकी साफ करणारे बहुतेक मजूर कंत्राटी असतात. मॅनहोलपाशी (आत उतरण्याच्या तोंडाशी) दोर धरून उभा असलेला माणूस ही त्यांच्या जिवाची पहिली हमी आहे, आणि त्याला दुसऱ्या कामाला पाठवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

तळपत्रा तपासण्यासाठी चुंबकीय स्कॅनर ढकलगाडीसारखा त्यावरून फिरवतात. पत्रा चुंबकित होतो आणि जिथे धातू झिजला आहे तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळते. संशयित जागा मग अल्ट्रासोनिक मापकाने पक्की करतात. जोडांवर साबणाचे पाणी लावून काचेची व्हॅक्यूम पेटी दाबतात. बुडबुडे आले की तिथे छिद्र आहे.

यानंतरचा हिशेब निर्णायक असतो. समजा, ८ मिमी जाडीचा तळपत्रा १२ वर्षांनी सरासरी ६.२ मिमी भरला. झीज वर्षाला ०.१५ मिमी. एपीआय ६५३ नुसार गळतीशोधक व्यवस्था किंवा अस्तर नसलेल्या तळाची जाडी पुढच्या तपासणीपर्यंत सुमारे २.५ मिमीच्या खाली जाता कामा नये. या सरासरीने अजून २४ वर्षे हाताशी दिसतात. पण त्याच तळावर एका खड्ड्याशी फक्त ४ मिमी पत्रा उरला असेल, तर तिथली झीज वर्षाला ०.३३ मिमी होते आणि मुदत साडेचार वर्षांवर येते. सरासरीवर अहवाल लिहिणारा निरीक्षक टाकीच्या मालकाला खूश करतो, सुरक्षित करत नाही. पुढच्या तपासणीची तारीख सर्वांत पातळ जागेवरून ठरते, म्हणजे तो खड्डा दुरुस्त करायचा किंवा ती तारीख स्वीकारायची.

कोकणपट्टीत आणि मुंबईच्या माहूल-शिवडी पट्ट्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीला वेगळे महत्त्व आहे. पेट्रोल आणि कच्च्या तेलाच्या अनेक टाक्यांना तेलावरच तरंगते छप्पर असते. त्यावर पडणारे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तर छप्पर पाण्याच्या भाराने कलते, प्रसंगी बुडते. छपराच्या कडेचे सील आणि पडलेल्या विजेचा प्रवाह टाकीच्या भिंतीकडे वळवणाऱ्या धातूच्या पट्ट्या मेअखेरपर्यंत पाहून घ्याव्या लागतात. मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये डिझेलच्या टाकीवर वीज पडून लागलेली आग काही दिवस धुमसत होती.

पत्रा शाबूत असूनही अनर्थ होतो. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या टाकीचा पातळीमापक अडकला. स्वतंत्र ‘अति-पातळी’ स्विचही चालला नाही, कारण त्याचा चाचणीचा दांडा योग्य जागी धरून ठेवणारे कुलूप बसवलेलेच नव्हते. टाकी ओसंडली, वाफेचा ढग पेटला. जयपूरच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी व्हॉल्व्ह हाताळताना पेट्रोल उसळले, तासाहून अधिक वेळ वाहत राहिले आणि स्फोट झाला. ११ जणांचा बळी गेला. बंधाऱ्यातून पावसाचे पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने इंधन गटारातून पसरले होते. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने त्यानंतर दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह आणि हायड्रोकार्बन शोधक बसवण्याची शिफारस केली. आता तपासनीसाने बंधाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद आहे का हेही पाहायचे, आणि पातळीच्या अलार्मची नोंद वाचून न थांबता तो वाजवून घ्यायचा.

पेट्रोल पंपावरच्या भूमिगत टाक्यांची तपासणी लहान पण रोजची असते. सकाळी डिप रॉडने साठा मोजतात, रॉडच्या टोकाला पाण्याने रंग बदलणारी पेस्ट लावून तळाशी पाणी आहे का पाहतात आणि विक्रीशी मेळ घालतात. फरक रोज एकाच बाजूला पडू लागला, तर ते गळतीचे पहिले लक्षण समजून टाकीची व पाइपची दाबचाचणी करावी लागते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे पाण्याकडे अधिक काटेकोर लक्ष द्यावे लागते, कारण पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. अशा वेळी पंप ताबडतोब बंद करून टाकी उपसली जाते आणि पाणी कुठून आले ते शोधले जाते : मॅनहोलचे झाकण, भरण्याच्या नळीचा गॅस्केट, की टाकीचा पत्राच.