तुटवड्यावर यंत्राचा उतारा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या प्रोग्रॅमविषयी निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाचंच बोलणं उलट प्रश्नात फिरवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची ती नक्कल होती. निबंधातल्या संवादात एक तरुणी म्हणते, आई माझी काळजी घेते. यंत्र विचारतं, तुमच्या घरात आणखी कोण तुमची काळजी घेतं? ‘आई’ शब्द दिसला की कुटुंबाचा विषय काढायचा, एवढाच नियम. दुःख कळण्याचा प्रश्नच नव्हता. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने जवळून पाहिलं होतं. तरी स्वतः एलायझाशी टंकून बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! या प्रसंगाने ते हादरले, आणि 1976 च्या पुस्तकात त्यांनी ठामपणे मांडलं की काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्याकडे सोपवू नयेत.

स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांचं मत नेमकं उलटं. त्याच 1966 साली त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं होतं की डॉक्टरांची वानवा असलेल्या मनोरुग्णालयांत असा संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. आजही मानसोपचाराच्या प्रत्येक नव्या ॲपच्या समर्थनाला हाच युक्तिवाद येतो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

आपल्याकडचे आकडे पाहा. निम्हान्स या बंगळूरुच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं आढळलं. महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बंगळूरुत ‘वायसा’ हा चॅटबॉट उभा राहिला तो अशा परिस्थितीत. अमेरिकेत 2017 मध्ये आलेला ‘वोबॉट’ही विचारांना वळण देणाऱ्या सीबीटी या मानसोपचार पद्धतीवर बेतलेला होता.

भारत सरकारने मात्र तंत्रज्ञानाचा उपयोग आधी माणूस जोडून देण्यासाठी केला, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरूनच उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आली. 10 ऑक्टोबर 2022 ला ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. 14416 फिरवला की मराठीतही प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. रात्री दोन वाजता जीव घाबरलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

2025 च्या जूनअखेर ‘वोबॉट’चं ॲप बंद झालं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने कायदा केला: एआयने मानसोपचार करायचे नाहीत, परवानाधारक तज्ज्ञाला नोंदी आणि कार्यालयीन कामात मात्र त्याची मदत घेता येईल.