यूएईतली नोकरी सोडताना ‘हिसाब’ किती मिळणार? ग्रॅच्युइटीचं गणित, पात्रता आणि कागद

‘सात वर्षं झाली, पगार तीन हजार, म्हणजे सतरा हजार दिरहम तरी येतील ना?’ वर्क परमिट कॅन्सलचा कागद पुढे आला की हा प्रश्न ठरलेला. शारजात एका कंपनीच्या हिशोबखात्यात होतो तेव्हा खोलीवर बसून, वहीच्या मागच्या पानावर गणित करून आलेली माणसं कितीतरी पाहिली. खेड-दापोलीची, चिपळूणची, एखादा साताऱ्याकडचा. त्यांचा गुणाकार बरोबर असायचा, फक्त गुणायला घेतलेला आकडा चुकीचा असायचा. ग्रॅच्युइटी मोजतात ती बेसिकवर. हातात येणाऱ्या पगाराचा तिच्याशी संबंध नाही.

बेसिक किती हे ऑफर लेटरवर आणि मंत्रालयाकडे नोंदवलेल्या करारावर लिहिलेलं असतं. घरभाडं, गाडीभाडं, जेवण, ‘इतर’ असे भत्ते त्यात धरत नाहीत. ३००० पगारात बेसिक १८०० असू शकतं आणि ९००ही असू शकतं. म्हणून राजीनामा टाइप करायच्या आधी मोहरेच्या ॲपमध्ये यूएई पासने (सरकारी डिजिटल ओळखीने) शिरा आणि आपला करार उघडून बघा. (मोहरे म्हणजे मानव संसाधन आणि एमिरातीकरण मंत्रालय. जुनी माणसं अजून ‘लेबर ऑफिस’च म्हणतात.)

कोणाला मिळते

खासगी नोकरीसाठी सध्या २०२१ चा ३३ क्रमांकाचा संघराज्य कायदा लागू आहे, २ फेब्रुवारी २०२२ पासून. पूर्णवेळ काम करणाऱ्या परदेशी माणसाची सलग एक वर्ष सेवा झाली की तो ग्रॅच्युइटीला पात्र. अकरा महिन्यांत सोडलं तर शून्य. वर्ष पुरं झालं की पुढचे सुटे महिने आणि दिवसही त्या प्रमाणात धरले जातात, म्हणजे दीड वर्षाला दीड वर्षाचेच पैसे. अर्धवेळ नोकरी असेल तर करारातल्या तासांच्या प्रमाणात मिळते. घरकामगारांचा कायदा वेगळा आहे, त्यांनी खालचं गणित स्वतःला लावू नये.

आता एक जुनी समजूत, जी खोल्या-खोल्यांतून अजून फिरते. ‘स्वतःहून सोडलंस तर एक तृतीयांशच मिळेल, पाच वर्षं काढ.’ हे सांगणारे मामा-काका खोटं बोलत नाहीत, त्यांच्या काळी तसंच होतं. १९८० च्या कायद्यात राजीनामा देणाऱ्याला तीन वर्षांच्या आत एक तृतीयांश आणि पाच वर्षांच्या आत दोन तृतीयांश मिळायचे, आणि मुदतीच्या करारावर असलेल्याने पाच वर्षांआधी सोडलं तर काहीच नाही. नव्या कायद्याने ही कापाकापी काढून टाकली. राजीनामा द्या किंवा कंपनी काढू दे, हिशोब एकाच सूत्राने होतो. एखादा मंदूब (कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस) किंवा सुपरवायझर जुना नियम तोंडावर मारत असेल तर शांतपणे विचारा, कोणत्या कायद्याचा?

गणित

पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक. पाचानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचं. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेतून वजा. आणि सगळं शेवटच्या बेसिकवर.

समजा, एकूण पगार ३००० आणि बेसिक १८००. सेवा ७ वर्षं ४ महिने. एका दिवसाचं बेसिक १८०० भागिले ३०, म्हणजे ६० दिरहम. पहिली पाच वर्षं: २१ गुणिले ५ म्हणजे १०५ दिवस. उरलेली दोन वर्षं चार महिने: ६० अधिक १०, म्हणजे ७० दिवस. एकूण १७५ दिवस, गुणिले ६०. झाले १०,५०० दिरहम. हेच वहीतल्यासारखं ३००० वर केलं की १७,५०० येतात. मधले सात हजार कंपनीने खाल्ले असं वाटून माणूस भांडायला येतो, पण ते त्याच्या करारात कधी नव्हतेच.

आता बिनपगारी दिवस. हे आपल्याकडच्या लोकांना फार लागू पडतं. गणपतीला तीस दिवसांच्या रजेवर जायचं, घराचा स्लॅब अर्धवट म्हणून आणखी वीस दिवस राहायचं. ते वीस दिवस पगार नसतो आणि ग्रॅच्युइटीतही ते मोजले जात नाहीत. वरच्या माणसाने सात वर्षांत असे ४० दिवस घेतले असतील तर साधारण १९७ दिरहम कमी होऊन रक्कम १०,३०३ च्या आसपास येईल. कपात लहान आहे. पण कंपनीने ४० च्या जागी १४० दिवस लावले तर तुमच्याकडे काही पुरावा हवा, म्हणून दरवेळच्या रजेच्या अर्जाचा फोटो ठेवा. काही कंपन्या एका दिवसाचा दर काढताना ३० ने न भागता वर्षाचं बेसिक ३६५ ने भागतात. तसं केलं की ६० चे ५९.१८ होतात. हिशोबाच्या कागदावर कोणती पद्धत धरली आहे ते विचारून घ्या.

‘शेवटच्या बेसिकवर’ हे दोन शब्द मात्र हलक्यात घेऊ नका. याचा अर्थ असा की सातव्या वर्षी बेसिक २०० ने वाढलं तर मागच्या सातही वर्षांचं मोल वाढतं. आपल्या उदाहरणात १७५ दिवसांवर ही वाढ लागू होते, म्हणजे ग्रॅच्युइटी जवळजवळ ११६७ दिरहमने फुगते. हेच २०० भत्त्यात टाकले तर ग्रॅच्युइटीत एक फिल्सही वाढत नाही. पगारवाढीचं पत्र आलं की आपण खालचा एकूण आकडा बघतो आणि सही करतो. माझ्या मते बघायची ती बेसिकची ओळ. आणि करार नव्याने करताना एकूण पगार तोच ठेवून बेसिक उतरवलेलं असेल तर सहीआधी दहा वेळा विचार करा, कारण तो उतार मागच्या सगळ्या वर्षांना लागतो.

एक वरची मर्यादाही आहे: एकूण ग्रॅच्युइटी दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होत नाही. बेसिकवर धरलं तर ही मर्यादा साडेपंचवीस वर्षांनी गाठली जाते. तिथवर पोहोचणारे थोडे, पण आहेत.

हिसाबात आणखी काय

शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार तर आलाच. न वापरलेल्या रजेचे पैसेही मिळतात, तेही बेसिकवर. वर्षाला ३० दिवस रजा, त्यातले समजा २२ शिल्लक असतील तर २२ गुणिले ६०, म्हणजे १३२० दिरहम.

नोटीस करारात लिहिल्याप्रमाणे, किमान ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवसांची. ती न पाळणाऱ्याने समोरच्याला तेवढ्या दिवसांचा पगार द्यायचा, आणि इथे मात्र पूर्ण पगार धरतात. कंपनी म्हणाली ‘उद्यापासून येऊ नकोस’, तर तिने द्यायचा. तुम्ही महिनाभर आधी न सांगता निघालात तर तुम्ही द्यायचा. प्रोबेशनमध्ये असाल तर नियम वेगळे: देश सोडायचा असेल तर १४ दिवस, इथेच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिना.

परतीचं तिकीट कंपनीकडे. तुम्ही इथेच दुसऱ्या नोकरीला लागलात, किंवा नोकरी तुमच्यामुळे संपली, तर ते तुमच्या खिशातून.

कपातीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. व्हिसाचा, भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, ना येताना ना जाताना. हिशोबाच्या कागदावर ‘व्हिसा चार्ज’ अशी ओळ दिसली तर सही थांबवा. कंपनीकडून घेतलेली उचल किंवा कायद्याने, कोर्टाच्या हुकमाने देणं असलेली रक्कम ही गोष्ट निराळी, ती वळती होऊ शकते.

क्रम आणि कागद

राजीनामा लेखी द्या. व्हॉट्सॲपवर ‘सर मैं जा रहा हूँ’ असा आवाज पाठवून नोटीस सुरू होत नाही, निदान ती सुरू झाली हे दाखवणं जड जातं. ईमेल करा किंवा कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. मग कंपनीकडून हिशोबाचा तपशील मागा: रुजू तारीख, शेवटची तारीख, बेसिक, बिनपगारी दिवस, शिल्लक रजा, कपाती. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

तोपर्यंत आपल्या हाताशी असावं ते: करार आणि ऑफर लेटर, लेबर कार्ड, एमिरेट्स आयडी आणि पासपोर्टची प्रत, पगारवाढीची पत्रं, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट, रजेचे अर्ज, राजीनाम्याची पोच. स्टेटमेंट शक्यतो पहिल्या वर्षापासूनचं काढा. खातं बंद झाल्यावर ते मिळवणं म्हणजे डोकेदुखी. अनुभवाचा दाखला मागितला तर कंपनीने तो फुकट द्यायचा असतो. पासपोर्ट तुमचा आहे, तो कंपनीच्या कपाटात असायचं कारणच नाही.

मग येतो तो कागद, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. वर्क परमिट कॅन्सल करताना कामगाराची सही घेतात, आणि त्यात ‘मला माझी सर्व देणी मिळाली’ अशा अर्थाचा मजकूर असतो. ‘सही कर, पैसे परवा खात्यात येतील’ असं गोड बोलून ती घेतली जाते. माझ्यासमोर एकाने अशी सही केली, विमानात बसला, आणि पुढचे आठ महिने गावाहून फोन करत राहिला. आधी पैसे खात्यात, किंवा हातात रीतसर चेक, मगच सही. मुदीर (मॅनेजर) चिडला तर चिडू दे.

बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी बँकेत जाऊन बोला. नोकरी संपल्याचं कळताच बँक खात्यातली रक्कम अडवून ठेवू शकते, आणि मग हिसाब जमा होऊनही काढता येत नाही.

दिलेच नाहीत तर

तक्रार मोहरेच्या ॲपवर, संकेतस्थळावर किंवा ८००८४ या क्रमांकावर करता येते. मंत्रालय आधी तडजोडीचा प्रयत्न करतं, त्याला १४ दिवस. दावा ५०,००० दिरहमपर्यंतचा असेल तर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, आणि तो निर्णय अंमलबजावणीला पात्र असतो. न पटल्यास १५ कामकाजाच्या दिवसांत प्रथम न्यायालयात जाता येतं. त्याहून मोठी प्रकरणं कोर्टाकडे पाठवतात. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. आपल्यातल्या अनेकांना ‘कोर्ट’ या शब्दानेच घाम फुटतो आणि पाच-दहा हजार दिरहम सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

फ्री झोनमध्ये (स्वतःचं प्राधिकरण असलेल्या खास व्यापारी क्षेत्रात) असाल तर पहिली पायरी त्या झोनच्या प्राधिकरणाची, सूत्र बहुतेक ठिकाणी हेच. अपवाद दुबईच्या आर्थिक केंद्राचा, म्हणजे डीआयएफसीचा, आणि अबू धाबीच्या तशाच आर्थिक केंद्राचा, म्हणजे एडीजीएमचा, त्यांचे कायदे स्वतंत्र. डीआयएफसीत १ फेब्रुवारी २०२० पासून कंपनी दरमहा गुंतवणूक योजनेत पैसे भरते. बाकी देशातही २०२३ पासून कंपन्यांना अशी ऐच्छिक बचत योजना घेता येते: पाच वर्षांपर्यंत बेसिकच्या ५.८३ टक्के, पुढे ८.३३ टक्के. आकडे विचित्र वाटतात, पण २१ आणि ३० ला ३६० ने भागून बघा. तुमची कंपनी त्यात गेली असेल तर त्याआधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी वरच्या २१-३० दिवसांच्या सूत्राने वेगळी मिळते, ती विसरू नका.

दावा करायची मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षं. ऑगस्ट २०२४ अखेरच्या दुरुस्तीआधी ती एकच वर्ष होती. पण गावी पोहोचल्यावर ही दोन वर्षंही तोकडी पडतात: इथे कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यायचं, त्यासाठी नोटरी, मग मंत्रालयं, मग वकिलातीचे शिक्के. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८०० ४६३४२ या मोफत क्रमांकावर सल्ला देतं. हा फोन विमानात बसायच्या आधी करायचा.