मॅनेजरची आतली ओढ मोजायची कशी?

‘तुम्ही किती महत्त्वाकांक्षी आहात? 1 ते 5 पैकी आकडा निवडा.’ बढतीसाठी हा प्रश्न विचारला, तर 2 कोण लिहील? अशा प्रश्नावलीतून माणसाचं स्वतःबद्दलचं मत कळतं. संपादन प्रेरणा, म्हणजे काम आधीपेक्षा सरस करण्याची आतली ओढ, ही वेगळी गोष्ट आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये ती ओढ माणसाने रचलेल्या गोष्टींतून मोजण्याची पद्धत मांडली. एसएसबीची, म्हणजे सैन्यदलातल्या अधिकारी-निवडीची तयारी करणाऱ्यांना ओळखीची असलेली टीएटी ही चित्रावरून गोष्ट लिहिण्याची चाचणी याच कुळातली. चित्र काही सेकंद पाहायचं आणि चार-पाच मिनिटांत गोष्ट लिहायची.

खरं कसब गुण देण्यात आहे. समजा, चित्रात टेबलाशी बसलेला इंजिनिअर आहे, समोर कुटुंबाचा फोटो. ‘रविवारी मुलांना फिरायला नेऊ, असा विचार करतोय’: उणे 1, कारण कामाचा विषयच नाही. ‘आराखडा संपवून घरी जाईल’: 0, कारण हे नेहमीचं काम झालं. ‘कमी विजेत जास्त पाणी खेचणारा, आजवर कुणाला न जमलेला पंप त्याला बनवायचाय’: अधिक 1. इथे उत्तमतेचा निकष, म्हणजे काम किती सरस झालं हे ठरवण्याची कसोटी आली. नुसतं ‘पगार वाढेल’ असतं, तर हा गुण मिळाला नसता. अधिक 1 मिळालेल्या गोष्टीतच मग पुढचं शोधायचं: इच्छा बोलून दाखवली का, त्यासाठी काय केलं, अडथळा स्वतःतला की बाहेरचा, यशाचा आनंद किंवा अपयशाची खंत आहे का. एका गोष्टीला जास्तीत जास्त 11 गुण.

चुकतं कुठे? लांब गोष्टीत गुण आपोआप वाढतात, म्हणून शब्दसंख्येचा हिशेब धरावा लागतो. शिवाय दोन प्रशिक्षित परीक्षकांचे गुण जुळले नाहीत, तर तो आकडा वापरूच नये.  

आणि कामगिरी? एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत नोकरीच्या सुरुवातीला लिहून घेतलेल्या गोष्टी मॅक्लेलंड आणि रिचर्ड बोयात्झिस यांनी 16 वर्षांनंतरच्या हुद्द्यांशी ताडून पाहिल्या. हा अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. बिगरतांत्रिक मॅनेजरांना संपादन प्रेरणेचा फायदा खालच्या पायऱ्यांवरच दिसला. तिथे काम स्वतः करायचं असतं; वर गेल्यावर ते इतरांकडून करवून घ्यावं लागतं. वर पोचलेल्यांत प्रभाव पाडण्याची ओढ बऱ्यापैकी, जवळीक साधण्याची कमी आणि स्वतःवरचा ताबा जास्त होता. हा ताबा मोजला इंग्रजी गोष्टींत ‘नॉट’ (नाही) हा शब्द किती वेळा आला ते मोजून. मराठीत मात्र नाही, नको, नये, नव्हता, नसतो अशी नकाराची कितीतरी रूपं आहेत. त्यामुळे ती मोजणी इथे जशीच्या तशी लावता येत नाही.