नवजात मुलग्यांमधील जननेंद्रियांची जन्मजात व्यंगे : जोखमीचे घटक

जन्मजात व्यंगे मुलींपेक्षा मुलग्यांत काहीशी जास्त आढळतात. अमेरिकेतील अटलांटा परिसराच्या जन्मनोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या व्यंगांचे प्रमाण मुलग्यांत ३.९ टक्के, तर मुलींत २.८ टक्के निघाले. वाकडे पाऊल मुलग्यांत साधारण दुपटीने दिसते. उलट खुब्याचा सांधा निखळलेला असणे हे मुलींत अधिक. मुलग्यांच्या वाढीव प्रमाणाचा जवळजवळ निम्मा वाटा मात्र जननेंद्रियांच्या व्यंगांचा असतो, आणि त्यांतही दोन व्यंगे ठळक आहेत. एक, वृषण खाली न उतरणे. दुसरे, हायपोस्पॅडियास, म्हणजे मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या टोकाला नसून खालच्या बाजूला उघडणे. प्रस्तुत नोंद या दोन व्यंगांपुरती आहे.

पूर्ण दिवसांच्या मुलग्यांपैकी सुमारे २ ते ४ टक्क्यांत जन्मतः एक किंवा दोन्ही वृषणे वृषणकोशात नसतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाते. यांतील बरीच वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात आणि वर्षाच्या शेवटी जेमतेम १ टक्का मुलगे उरतात. हायपोस्पॅडियास साधारणपणे दर २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात आढळतो. त्यात अग्रत्वचा वरच्या बाजूला टोपीसारखी साचलेली व खालून अपुरी असते, लघवीची धार खाली जाते आणि काही मुलांत शिश्न खालच्या बाजूला वाकलेले असते.

गर्भातील काळ. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते, पण पुरुषी अवयव घडायला पुढे संप्रेरके लागतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकामुळे सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास वृषण बनू लागते आणि आठव्या आठवड्यापासून ते टेस्टोस्टेरॉन स्रवते. मूत्रमार्गाची नळी मिटत मिटत टोकापर्यंत जाणे हे काम साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत उरकते. तेवढ्या काळात संप्रेरक कमी पडले तर नळी वाटेतच उघडी राहते. नंतर ते कितीही मिळाले तरी तिचे तोंड पुढे सरकत नाही. वृषणाचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. मूत्रपिंडाजवळून जांघेच्या तोंडापर्यंतचा पहिला टप्पा मुख्यतः आयएनएसएल-३ या संप्रेरकावर चालतो. जांघेतून वृषणकोशात उतरण्याचा दुसरा टप्पा साधारण २५ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यानचा असून तो टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत वृषणे वर का राहतात याचे उत्तर यातच आहे : त्यांचा प्रवास पुरा होण्याआधीच बाळ बाहेर आलेले असते.

या वेळापत्रकाचा व्यावहारिक अर्थ असा, की निर्णायक आठवड्यांपैकी बरेचसे पाळी चुकणे, चाचणी आणि दवाखान्यातली पहिली नोंद यांच्या गडबडीतच निघून जातात.

पक्के घटक. जन्मतः बाळाचे वजन कमी असणे हा दोन्ही व्यंगांतील सर्वांत भक्कम दुवा आहे. वार नीट काम करत नसेल, गर्भाची वाढ खुंटली असेल किंवा आईला गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार असेल, तर हायपोस्पॅडियासचे प्रमाण वाढते. एकबीज जुळ्यांत एकालाच हे व्यंग असले, तर तो बहुधा दोघांतील कमी वजनाचा असतो. दोघांचीही जनुके सारखीच, म्हणून हा पुरावा बोलका ठरतो. अर्थात आनुवंशिकताही आहेच. वडिलांना किंवा थोरल्या भावाला हायपोस्पॅडियास असेल तर पुढच्या मुलग्यातील शक्यता इतरांच्या कित्येक पटींनी वाढते. डेन्मार्कमधील मोठ्या नोंदवहीच्या अभ्यासात हा वारसा आईच्या व वडिलांच्या घराण्यांकडून जवळपास सारखाच येतो असे दिसले. घरात मात्र पहिला प्रश्न सुनेलाच विचारला जातो : काय खाल्लेस, कुठे गेली होतीस, ग्रहण पाळले नव्हतेस का? ग्रहणाचा या व्यंगांशी काहीही संबंध नाही.

आईचा मधुमेह, लठ्ठपणा आणि कृत्रिम गर्भधारणा यांचाही संबंध काही अभ्यासांत आढळतो, पण तो सौम्य आहे. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट या औषधाने मज्जारज्जूच्या व्यंगांबरोबर हायपोस्पॅडियासची जोखीमही वाढते. तरीही ते मनाने बंद करणे घातक ठरू शकते. गोळी बदलायची ती दिवस राहण्याआधी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. धूम्रपानाचे निष्कर्ष थोडे चमत्कारिक आहेत : न उतरलेल्या वृषणाशी त्याचा संबंध दिसतो, हायपोस्पॅडियासशी तसा दिसत नाही. दोन्ही व्यंगे एकाच कारणाची असती तर असे व्हायला नको होते.

संप्रेरके व रसायने. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल (डीईएस) हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत व युरोपात दशकानुदशके दिले गेले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा दिला. गर्भात त्याच्या संपर्कात आलेल्या मुलग्यांत न उतरलेली वृषणे आणि अधिवृषणातील (वृषणाला लागून असलेल्या शुक्राणूंच्या नळीतील) गाठी जास्त आढळल्या. गर्भात तशाच संपर्कात आलेल्या मुली पुढे आई झाल्या तेव्हा त्यांच्या मुलग्यांत हायपोस्पॅडियासचे प्रमाण फार मोठे असल्याचे नेदरलँड्समधील २००२ च्या अभ्यासात दिसले. नंतरच्या अभ्यासांत ते बरेच कमी निघाले.

डॅनिश संशोधक नील्स स्काकेबेक यांनी २००१ मध्ये असे मांडले, की न उतरलेले वृषण, हायपोस्पॅडियास, शुक्राणूंची कमतरता आणि वृषणाचा कर्करोग ही एकाच मूळ बिघाडाची चार रूपे असावीत, आणि त्यामागे पर्यावरणातील रसायने असू शकतात. शेजारशेजारच्या देशांची तुलना या मताला बळ देते. एकाच पद्धतीने तपासलेल्या नवजात मुलग्यांत वृषण न उतरण्याचे प्रमाण डेन्मार्कमध्ये ९ टक्के, तर फिनलंडमध्ये २.४ टक्के निघाले. एवढी तफावत कशामुळे, हे मात्र अजून कोणाला दाखवून देता आलेले नाही. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स, काही कीटकनाशके, दीर्घकाळ घेतलेले पॅरासिटामॉल असे अनेक संशयित आहेत. त्यांतील कोणावरही आरोप पूर्ण शाबीत झालेला नाही. तापात डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी या धास्तीने टाळणे शहाणपणाचे नाही, कारण ताप स्वतःच गर्भाला घातक असतो.

भारतात या संदर्भात केरळमधील कासरगोडचे उदाहरण घेतले जाते. तिथल्या काजूबागांवर वीसहून अधिक वर्षे हवेतून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी बागांच्या पायथ्याशी असलेल्या गावातील ११७ आणि फवारणी नसलेल्या भागातील ९० शाळकरी मुलगे तपासले. अभ्यास २००३ मध्ये छापून आला. फवारणीच्या गावातील मुलग्यांत वयात येणे लांबलेले दिसले. वृषणाच्या उतरण्याशी निगडित व्यंगे तिथे ५.१ टक्के, तर दुसरीकडे १.१ टक्का होती. आकडे पाहून कोणालाही वाटेल की प्रकरण मिटले. पण मुलांची संख्या इतकी लहान होती की हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली. बंदी योग्यच होती. मात्र या व्यंगांपुरता पुरावा अपुरा आहे, हेही खरे.

आहाराबाबत ब्रिटनमधील ७,९२८ मुलग्यांच्या पाहणीत (२०००) शाकाहारी मातांच्या मुलग्यांत हायपोस्पॅडियास जवळपास पाचपट निघाला आणि सोयाबीनमधील वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनवर संशय घेतला गेला. एकूण रुग्ण होते अवघे ५१. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष एकसारखा आला नाही. आपल्याकडच्या वरण-भात-पोळी-भाजीवर वाढलेल्या घरांनी त्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काळजी करायची तर ‘मुलगा होण्यासाठी’ दिल्या जाणाऱ्या पुड्यांची करावी. उत्तर भारतात, विशेषतः हरियाणात, गर्भारपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिवलिंगीच्या बिया व तत्सम औषधे गायीच्या दुधातून घेतली जातात. काही नमुन्यांत वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन आढळले आहेत, आणि अशी औषधे घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत एकूण जन्मजात व्यंगे जास्त असल्याचे तेथील अभ्यास सांगतात. लिंग तोवर ठरून गेलेले असते. पुडी पोटात जाते ती नेमकी अवयव घडण्याच्या दिवसांत.

ओळख व उपचार. मुलांच्या तपासणीसाठीच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याच्या यादीतील नऊ जन्मजात व्यंगांत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयविकार अशी नावे आहेत. ही दोन नाहीत. त्यामुळे बाळाचा लंगोट सोडून नीट पाहणे हे पाहणाऱ्याच्या सवयीवर राहते. बऱ्याच घरांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या किंवा आजीच्या हाताला हे आधी कळते. त्यांचे म्हणणे डॉक्टरांनी विचारून घ्यावे असे असते, कारण नुसते वर ओढले जाणारे वृषण कोमट पाण्यात सैलावून खाली येते, न उतरलेले येत नाही. गार हाताने, रडणाऱ्या बाळाला तपासले तर दोन्ही सारखीच वाटतात.

सहा महिन्यांपर्यंत न उतरलेले वृषण सहसा पुढे आपोआप उतरत नाही. म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करून ते वृषणकोशात बसवतात. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७ हजार पुरुषांच्या अभ्यासात (२००७) वृषणाच्या कर्करोगाची जोखीम तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत सर्वसाधारण पुरुषांच्या २.२३ पट, तर त्यानंतर झालेल्यांत ५.४० पट आढळली. दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील आणि सोबत हायपोस्पॅडियासही असेल, तर मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याआधी गुणसूत्रांची व संप्रेरकांची तपासणी करतात. अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीचा जिवावर बेतणारा विकार असलेली मुलगीही जन्मतः अशीच दिसू शकते. नुसत्या हायपोस्पॅडियासची शस्त्रक्रियाही बहुधा ६ ते १८ महिन्यांच्या वयातच होते. तिच्यासाठी अग्रत्वचेची कातडी लागते, म्हणून अशा मुलग्याची सुंता त्याआधी करू नये.