शेवटची कधी घेतली, भाऊ?

मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला पंचेचाळिशीचा शेतमजूर. भरती झाला तेव्हा शुद्धीत, शांत. तिसऱ्या रात्री तो घामाने डबडबतो, हात थरथरतात, चादरीवर नसलेल्या मुंग्या वेचू लागतो. 'बेवडा आहे, नाटकं करतोय, हात बांधा!' असं कुणीतरी म्हणतंच. नर्सिंगच्या मुलामुलींना माणुसकी शिकवायची ती याच खाटेपाशी, आणि सुरुवात मेंदूपासून करावी.

रोजच्या दारूने येणारी गुंगी भरून काढायला मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या २४ तासांत थरथर, घाम, मळमळ. ४८ तासांपर्यंत फिट येण्याचा धोका. ४८ ते ९६ तासांत भ्रम. उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. एवढं नीट समजलं, की 'नाटक' म्हणायला जीभ धजत नाही.

मग या मुलामुलींना आठवडाभर चहा सोडायला लावावा. तलफ कधी आली, कोणती सबब सुचली, कुणापासून लपवलं, हे रोज लिहायचं. यात एक खड्डा आहे: 'मला जमलं, मग त्याला का नाही?' म्हणून शेवटी चर्चा हवीच. चहा सुटला तर डोकं दुखतं, दारू एकाएकी सुटली तर माणूस दगावू शकतो, हा फरक तिथे ठासून सांगावा. घरात दारूचा त्रास सोसलेल्या मुलांना सगळ्यांसमोर बोलायची सक्ती मात्र कधीच करू नये.

रोलप्लेत तिघे: नर्स, पेशंट, निरीक्षक. पेशंट झालेला मुलगा सिनेमातल्यासारखा झिंगतो, वर्ग हसतो आणि तास वाया जातो. म्हणून भूमिका लिहून द्यावी: शुद्धीवर आहे, लाज वाटते, बायकोसमोर बोलणार नाही. नर्सने आधी नातेवाइकांना बाहेर पाठवावं. 'पिता का?' विचारलं की 'नाही' येतं; 'शेवटची कधी घेतली, भाऊ?' विचारलं की बहुतेकदा वेळ कळते. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच विचारावं. विचारून गप्प राहणं सगळ्यात अवघड. मुलं लगेच उपदेश करतात. निरीक्षकाने उपदेश किती वेळा झाला तेवढंच मोजावं.

प्रमाणही नेमकं हवं. १८० मिलीच्या विदेशी क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सातपुड्यातल्या घरगुती मोहाच्या दारूची तीव्रता कुठेच लिहिलेली नसते. तिथे भांडं केवढं, किती वेळा, हे विचारावं. मोह तिथे देवालाही वाहतात, तेव्हा विचारताना नाक मुरडू नये.

केस पेपरवर 'दारुडा' नको. 'शेवटची सोमवारी रात्री ९ वाजता, रोज दोन क्वार्टर, पूर्वी फिट आलेली' असं लिहावं आणि लगेच डॉक्टरांना कळवावं. ग्लुकोजच्या सलाईनआधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. रात्रपाळीच्या सिस्टरला मग कळतं, की बुधवारी रात्री या खाटेकडे जास्त फेऱ्या मारायच्या.