फिक्सी बनवून घेताय? रंगाचं नंतर बघू, आधी फ्रेमचं मागचं टोक

रोज कामावर जायला फिक्स्ड गिअर बनवून घ्यायचीय म्हणून जे येतात ते बहुतेक सगळे आधी मोबाईलवर एक फोटो दाखवतात. भिंतीला टेकवलेली सायकल, चेनच्या बाजूने काढलेला फोटो, रंग एकदम भारी. आम्ही तो फोटो झूम करून मागच्या चाकाचा एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) बघत बसतो आणि समोरच्याला वाटतं यांना सायकल आवडली नाही. तसं काही नाही, आवडते, पण फ्रेम जमणार की नाही ते तिथेच कळतं, म्हणून हे पत्रक.

फिक्सीत फ्रीव्हील नसतं हे माहीत असेलच, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, उतार असो, वळण असो, खड्डा असो, पाय थांबवून नुसतं घरंगळत जायची सोयच नाही. फ्रेम निवडतानाचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका गोष्टीतून येतात.

मागच्या खाचा

गिअरच्या सायकलीत चेनचा ढिलेपणा मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढून घेतो. इथे डिरेलर नाही, मग चेन ताणायची कशी, तर अख्खं चाकच मागे सरकवून. म्हणून एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी पाहिजे, उभी नको. आजकालच्या गिअरवाल्या फ्रेममध्ये खाच सरळ खालच्या बाजूला उघडी असते, चाक पुढेमागे हलतच नाही, आणि अशी फ्रेम घेऊन कोणी आलं की आम्ही शक्यतो नाहीच म्हणतो. एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवता येणारा हब (चाकाचा मधला भाग) किंवा तशीच बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा दांडा फ्रेममध्ये जिथे फिरतो ती जागा) लावून जमवता येतं, पण मुद्दाम नवीन फ्रेम घेताना ही उठाठेव कशाला.

आडव्या खाचेतही दोन प्रकार. ट्रॅकवाली खाच मागे उघडी, तर जुन्या रोड फ्रेमची तिरकी खाच पुढे उघडी असते. ट्रॅकवाली दिसते मस्त आणि चाक सरकवायला जागाही भरपूर, पण मडगार्ड लावलं की पंक्चरच्या वेळी खरी मजा येते, कारण चाक मागे ओढून काढायचं आणि मागे मडगार्ड आडवं, मग आधी चेन उतरवा, मडगार्डच्या काड्या ढिल्या करा आणि मग हात काळे करा. पुढे उघडी असली तर नट ढिले केले, चाक पुढे ढकललं, चेन सैल झाली, चाक बाहेर. रोजच्या वापराला आम्हाला विचाराल तर ही दुसरीच बरी, फोटोत कमी भाव खाते एवढंच.

खाच किती लांब आहे तेही मोजा. चेनमधून कड्यांची एक जोडी काढली की 25.4 मिमी कमी होतात आणि चाक त्याच्या निम्मं म्हणजे 12.7 मिमी पुढे येतं, तेवढी सरकायला जागा नसली तर हाफ लिंक (जोडीऐवजी एकच कडी) लावत बसावं लागतं. आणि एक दात बदलला की चाक साधारण 3 मिमी हलतं, म्हणजे आज 46-16 (पुढे 46 दात, मागे 16) घेतलं, दोन महिन्यांनी गुडघे कुरकुरायला लागले आणि 17 चा कॉग (मागचं दातेरी चक्र) टाकावासा वाटला तर तो त्याच चेनवर बसला पाहिजे (टाकावासा वाटतोच, सुरुवातीला सगळे जड गिअर मागतात).

मग दोन्ही खाचांमधलं आतलं अंतर. ट्रॅक हबला 120 मिमी लागतं. जुन्या रोड फ्रेम 126 च्या, नंतरच्या 130 च्या, एमटीबी (माउंटन बाईक) 135 च्या. फ्रेम स्टीलची असेल तर 126 ची 120 करता येते, पण नीट अलाइनमेंट तपासून, दोन्ही बाजू सारख्या दाबून, नुसते नट आवळून नाही. अल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर वाकवायचा विषयच नाही, हबच्या एक्सलवर स्पेसर टाकून अंतर भरायचं आणि चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेन किती बाजूला पळते ते अंतर) परत बघायची. फिक्सीची चेन अगदी सरळ रेषेत पळाली पाहिजे, ट्रॅकच्या सामानात ती साधारण 42 मिमी धरतात.

पाय कुठे कुठे लागतो

आमच्यातल्याच एकाने स्वतःसाठी अस्सल ट्रॅक फ्रेम बांधली होती, पुढचं चाक एकदम जवळ, उभा हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल), वळायला नुसती सुरी. नंतर मडगार्ड बसवलं आणि पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये हळू वळताना बुटाचं टोक मडगार्डला अडकलं, पेडल थांबवता येत नाही, हँडल सरळ होत नाही, आणि साहेब जागच्या जागी आडवे. याला टो ओव्हरलॅप म्हणतात. वेगात हँडल एवढं वळतच नाही म्हणून तेव्हा त्रास नसतो, पण गेटमधून बाहेर पडताना, गाड्यांच्या मधून सरकताना नेमका होतो. फ्रीव्हील असलं की पेडल मागे घेऊन सुटता येतं, इथे नाही. म्हणून लहान साइझच्या फ्रेमला आम्ही बीबीपासून पुढच्या एक्सलपर्यंतचं अंतर आवर्जून मोजतो, आणि तेही मडगार्ड धरून.

दुसरी जागा म्हणजे जमीन. वळणावर आतलं पेडल वर धरून बसता येत नाही, ते खाली येणारच. त्यामुळे बीबी जरा उंच हवी. रोड फ्रेमची बीबी चाकाच्या एक्सलपेक्षा साधारण 70 मिमी खाली असते, ट्रॅकची 50-55 च्या आसपास, म्हणजे 28 मिमी रुंदीच्या टायरवर एकीकडे जमिनीपासून 270 मिमी आणि दुसरीकडे 285-290. दीड-दोन सेंटीमीटर ऐकायला काहीच नाही, पेडल रस्त्याला घासून मागचं चाक उडालं की समजतं. रोड फ्रेमच वापरायची असेल तर 165 मिमीचा क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) आणि रुंदीला कमी असलेलं पेडल घ्या, बरंच भागतं.

टायर, मडगार्ड, ब्रेक

ट्रॅक फ्रेममध्ये 23, फार तर 25 चा टायर जातो. रोजच्या रस्त्याला 28 कमीत कमी, 32 जात असेल तर उत्तम, आणि त्यावर मडगार्डला जागा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) क्राउनखाली, म्हणजे वरच्या जोडाखाली, आणि मागे चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या) मधे, दोन्हीकडे बघा, मागे बहुतेकदा कमी पडते. मडगार्डचे नि कॅरिअरचे स्क्रू बसायची भोकं फ्रेमवर आधीच असावीत, क्लिपा लावून चालतं पण खडखड ऐकत बसावं लागतं.

पुढच्या ब्रेकशिवाय सायकल आम्ही देत नाही. पायाने मागचं चाक अडवून थांबता येतं हे खरं, पण थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरत राहतं, शिवाय चेन उतरली तर तोही ब्रेक गेला. त्यामुळे फोर्कला ब्रेकचं भोक असलेलाच घ्या. नंतर ड्रिलने पाडून द्या असं कृपया म्हणू नका, फोर्कचा क्राउन तसा बनवलेला नसतो.

मटेरियल आणि साइझ

क्रोमोली स्टील घ्या. दुरुस्त होतं, थोडं वाकवता येतं, खड्ड्यात बरं वाटतं. अल्युमिनियम हलकं आणि गंजाची कटकट नाही, पण ते कडक लागतं की नाही हे टायरवर जास्त अवलंबून असतं, त्यावरून वाद घालायला आमच्याकडे वेळ आहे पण तुमच्याकडे नसेल. जुनी फ्रेम आणणार असाल तर लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील, आणि सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतोय का ते आधी बघा, जाम असेल तर बाकीचं सगळं नंतर. बीबीच्या आत पाणी साचून गंज धरतो, ती उघडल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही.

साइझ नुसत्या उंचीवरून सांगता येत नाही. पायाचं आतलं माप लागतं, टॉप ट्यूब (फ्रेमची वरची आडवी नळी) किती लांब ते लागतं, आणि बॅग पाठीवर असते की कॅरिअरवर तेही लागतं, पाठीवर असेल तर फार वाकून बसणं दोन दिवसांत नकोसं होतं.

येताना कामावर जाताना घालता तेच बूट घालून या, चप्पल नको, कारण पाय चाकाला लागतो का ते आम्ही त्याच बुटावर बघतो.