कानातून प्राणेशा-उद्दीपन

कानातून प्राणेशा-उद्दीपन : कानातल्या एका खळग्यावर क्लिप लावून, कातडी न छेदता, सौम्य विजेने प्राणेशा नावाची तंत्रिका (नर्व्ह) चाळवण्याची पद्धत. मेंदूतून निघणाऱ्या या दहाव्या तंत्रिकेला डॉक्टर व्हेगस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भटकी, आणि ते नाव तिला शोभते : घसा, हृदय, फुप्फुसे, जठर असा तिचा फेरा आहे. तिची एक फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. कानकोरण्याने मळ काढताना काहींना एकाएकी ठसका लागतो, तो या फांदीमुळेच.

तर्जनी कानाच्या भोकावरून किंचित वर सरकवली की एक छोटा खळगा लागतो. क्लिप बसते ती तिथे, बहुधा डाव्या कानात. कारण उजव्या बाजूच्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध मानला जातो. कानाची पाळी मात्र मानेतून आलेल्या दुसऱ्या तंत्रिकेच्या वाट्याची. म्हणून प्रयोगात तुलनेसाठी लुटुपुटीचा करंट पाळीला देतात. मुंग्या दोन्हीकडे येतात, तेव्हा आपल्याला खरा करंट मिळाला की लुटुपुटीचा, हे सहभागी माणसाला सहसा उमगत नाही. सांगलीच्या गणपतीपुढे भाविक कान धरतो किंवा शाळेत पोर उठाबशांना उभे राहते, तेव्हा चिमटीत येते ती ही पाळीच. कान धरल्याने व्हेगस जागी होऊन बुद्धी तल्लख होते, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा त्यामुळे जागेवरच अडतो.

व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू शरीराची खबर मेंदूकडे नेतात. ती मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या देठात, पोचते, तिथून लोकस सेरुलियस या इवल्या केंद्राकडे जाते, आणि मेंदूभर नॉरअ‍ॅड्रिनलिन पसरते. लक्ष आणि स्मरणाशी नाते जुळते ते या रसायनामुळे. छातीत यंत्र बसवून गळ्यातली व्हेगस उद्दीपित करण्याच्या उपचाराला अमेरिकेत अपस्मारासाठी (फेफऱ्यासाठी) १९९७ मध्ये मान्यता मिळाली. अशाच रुग्णांवर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उतारा वाचून झाल्यावर अर्धा मिलिअँपिअर करंट दिला, तेव्हा त्यातले शब्द नंतर जास्त ओळखता आले. करंट वाढवला तर तो फायदा राहिला नाही. चहात साखर घालण्यासारखेच हे : बेताचीच हवी.

निरोगी प्रौढांवर कानातून केलेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. मनाला आवर घालणे, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे अशा कसोट्यांत सरासरी थोडा फायदा दिसतो. पण तो थोडाच, आणि बहुतेक प्रयोग मोजक्या माणसांवरचे. २०२० चा एक प्रयोग मात्र लक्षात राहण्याजोगा : इंग्रजी मातृभाषेच्या माणसांना चिनी भाषेतले स्वरांचे चढउतार शिकवताना, सोप्या स्वरांच्या नेमक्या वेळी, जाणवणारही नाही इतका करंट दिला, तर ते लवकर ओळखू आले. वेळ साधण्याला इथे महत्त्व दिसते. सांगली-मिरजेच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी दहा-दहा तास बसणाऱ्याने दिवसभर क्लिप लावावी, असा अर्थ यातून निघत नाही.

प्रयोगात बहुधा सेकंदाला २५ स्पंदने देतात. प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. त्रास झालाच तर कातडी लाल होणे, डोके दुखणे, थोडी चक्कर. पेसमेकर असलेल्यांना प्रयोगात घेत नाहीत. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबरेला करंटचा शेक देणारे यंत्र याच जातकुळीचे. पण त्याचा करंट दहा-वीस मिलिअँपिअरच्याही वर चढतो. कानाला मात्र मुंग्या जेमतेम जाणवतील एवढाच पुरतो.